यादीत नसलेले नाव

२००६ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. वसई तालुक्यातील एका लहानशा पतपेढीचा मी त्या वेळी मानद खजिनदार होतो. एका सकाळी तांबडे लुगडे नेसलेली एक वृद्ध विधवा छत्री दाराशी टेकवून आत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पासबुक तिने लिपिकापुढे ठेवले. मुलीच्या बाळंतपणासाठी तिला पैसे काढायचे होते. खात्यावर १८,४०० रुपये शिल्लक असल्याची नोंद होती. लिपिकाने खातेक्रमांक पाहिला, मुंबईहून छापून आलेली ठेवीदारांची यादी उलगडली, ओळीओळीवरून बोट खाली नेले आणि मान हलवली.

"मावशी, या नंबरचं खातंच नाही."

"मग हे काय आहे, बाळा?" तिने पासबुकावर हात ठेवून विचारले.

लिपिक माझ्याकडे आला. मी यादी पाहिली. तिच्या शेवटच्या पानावर माझीच सही होती. घरातल्या कुणी पूर्वीच पैसे काढले असतील, खाते बंद झाले असेल, चौकशी करून सांगतो, पुढल्या आठवड्यात या, असे काहीतरी बोलून मी तिला परत पाठवले. तो पुढला आठवडा चार महिने लांबला. दरम्यान तिने हातातल्या पाटल्या विकल्या, हे मला फार उशिरा कळले.

घडले होते ते असे. आमच्याकडील चोपड्यांचे काम वाढल्यामुळे आम्ही ते बाहेरच्या एका संगणक संस्थेकडे सोपवले होते. आम्ही महिन्याचे व्यवहार त्यांच्याकडे पाठवायचे आणि त्यांनी छापील याद्या परत करायच्या, असा रिवाज होता. ज्या खात्यांवर दोन वर्षांत कोणताही व्यवहार झालेला नाही, ती खाती त्यांच्या कार्यक्रमाने यादीतून वगळली आणि त्यांची एकत्रित रक्कम 'इतर देणी' या शीर्षाखाली एका ओळीत दाखवली. त्यामुळे बेरीज पैशापैशाने जुळत होती. कुणी चोरी केली नव्हती, कुणी खोटा आकडा लिहिला नव्हता. यादीतील प्रत्येक नाव खरे, प्रत्येक रक्कम खरी. तरीही ती यादी खोटी होती.

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. त्या यादीत २१२ क्रमांकाच्या खात्यानंतर थेट २१४ क्रमांक होता. सही करताना ती फट माझ्या नजरेस पडली होती. खाते बंद झाले असेल, असे मनाशी म्हणून मी पान उलटले होते. बाईंचे खाते २१३.

वाचकहो, या प्रसंगाने माझ्या मनात एक प्रश्न रुजवला, तो आजतागायत गेलेला नाही. दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या नोंदवहीतून उत्तर येते तेव्हा त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? आणि त्याहून अवघड असे की, जे उत्तरात आलेच नाही त्याचा जाब कुणाला विचारायचा? पतपेढी सोडल्यानंतर वाचनाच्या ओघात माझ्या ध्यानात आले की, संगणकशास्त्रातील मंडळी गेली पंचवीस वर्षे नेमक्या याच प्रश्नाशी झुंजत आहेत. त्यांची परिभाषा गणिताची आहे. परंतु त्या गणिताच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो नीतीचा आहे, असे मला वाटते, आणि म्हणूनच तो या पानांवर मांडण्याचे धाडस करीत आहे.

आपला माहितीसाठा स्वतः न सांभाळता तो दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवावा आणि लागेल तेव्हा प्रश्न विचारून उत्तर मागवावे, ही कल्पना २००२ सालच्या सुमारास शास्त्रीय परिषदांत रीतसर मांडली जाऊ लागली. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की, बँका, रुग्णालये, विद्यापीठे यांच्या नोंदी नक्की कोणत्या गावातील कोणत्या यंत्रात आहेत हे तेथील कर्मचाऱ्यांनाही सांगता येत नाही. सोय मोठी आहे. पण मालक एक, राखणदार दुसरा आणि विचारणारा तिसरा, अशी ही वाटणी झाली की मध्ये एक अंधारी जागा तयार होते. राखणदार लबाड असेल, त्याच्या यंत्रात कुणी चोर शिरला असेल, किंवा आमच्या बाबतीत झाले तसा तो केवळ अजाण असेल. विचारणाऱ्याच्या हाती पडते ते फक्त उत्तर. ज्या चोपडीतून ते निघाले ती त्याला दिसत नाही.

या उत्तराची पारख शास्त्रज्ञ तीन अंगांनी करतात. आलेली नोंद मूळ नोंदीशी तंतोतंत जुळते काय, हे पहिले अंग. जेवढ्या नोंदी यायला हव्या होत्या तेवढ्या सगळ्या आल्या काय, हे दुसरे. आणि उत्तर आजचे आहे की जुनेच पुन्हा पुढे केले आहे, हे तिसरे.

पहिल्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. प्रत्येक नोंदीचा एक गणिती ठसा काढता येतो. मजकूर एका ओळीचा असो की शंभर पानांचा, ठशाची लांबी ठरलेली. सध्या सर्रास वापरात असलेल्या एका पद्धतीत तो ६४ चिन्हांचा लिहिला जातो. मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला तरी ठसा ओळखू येऊ नये इतका बदलतो, आणि दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा जमवून आणण्याची युक्ती आजवर कुणाला सापडलेली नाही. मालकाने अशा ठशांवर आपली डिजिटल स्वाक्षरी करून ठेवली की राखणदाराला नोंदीत फेरफार करता येत नाही. केला तर तत्काळ उघडकीला येतो.

पण लाखो ठसे मालकाने सांभाळायचे कसे? मग चोपडी दुसऱ्याला देऊन काय मिळवले? याचे उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या राल्फ मर्कल यांनी १९७९ साली शोधले. शेजारशेजारच्या दोन ठशांना एकत्र करून त्यांचा मिळून एक ठसा काढायचा, अशा जोड्यांच्या पुन्हा जोड्या करीत वर जायचे, आणि शेवटी सगळ्या चोपडीचा म्हणून एकच ठसा उरतो. वंशावळ उलटी काढल्यासारखे हे झाड असते: खाली असंख्य लेकरे, वर एकच मूळ पुरुष. मालकाने फक्त तो वरचा ठसा जपायचा. दहा लाख नोंदींतील एक नोंद खरी आहे हे पटवून द्यायला राखणदाराला सुमारे वीस ठसे दाखवावे लागतात. शंभर कोटी नोंदी असल्या तरी तीस पुरतात. हिशेब तपासायला चोपडी उलगडावीच लागत नाही. हे प्रथम समजले तेव्हा मी बराच वेळ कागदावर आकडे मांडून पाहत बसलो होतो.

येथवर झाले ते खोट्या नोंदीबद्दल. वगळलेल्या नोंदीचे काय? आमची विधवा बाई या पहिल्या पारखेतून अलगद निसटली असती, कारण तिच्याविषयी कुणी काही खोटे सांगितलेच नव्हते. जे दिले त्याची सत्यता पाहणारी कसोटी, न दिलेल्याविषयी मुकी असते. आपणही एकमेकांशी वागताना बहुतेक वेळा याच कसोटीवर समाधान मानतो. "मी एक शब्द खोटा बोललो नाही," असे म्हणणारा माणूस किती वेळा स्वतःला निर्दोष समजून झोपी जातो! मिस्साच्या आरंभी पापांची कबुली देताना आपण केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उच्चार करतो. त्या उच्चाराकडे मी आयुष्यभर एक पुरवणी म्हणून पाहत आलो होतो. २१३ क्रमांकाच्या खात्याने मला तो पुन्हा ऐकायला लावला.

न आलेली नोंद पकडायची कशी, यावरचा उपाय मात्र मोठा घरगुती आहे. सगळ्या नोंदी एका क्रमाने लावायच्या आणि प्रत्येक नोंदीला तिच्या शेजाऱ्यांशी बांधून टाकायचे. २१३ च्या गाठीत २१२ आणि २१४ दोघेही आहेत, असे मालकाने स्वाक्षरीने ठरवून दिले की २१३ ला उचलून बाजूला करता येत नाही. ती गाठ उसवावी लागते आणि उसवलेली गाठ दिसते. समजा, २०० ते २५० पर्यंतची सर्व खाती मागितली, तर राखणदाराने ती तर द्यावीतच, शिवाय २०० च्या अलीकडचा एक शेजारी आणि २५० च्या पलीकडचा एक शेजारी यांचाही पुरावा द्यावा. दोन्ही टोकांना हे दोन साक्षीदार उभे असले आणि मधली साखळी अखंड असली म्हणजे मध्ये कुणी राहिले नाही, हे सिद्ध होते. 'असे खातेच नाही' हे उत्तरसुद्धा याच रीतीने सिद्ध करावे लागते: ज्या दोन शेजाऱ्यांच्या मध्ये ते असायला हवे होते, ते दोघे एकमेकांना खेटून उभे आहेत हे दाखवायचे. नुसती मान हलवून भागत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मर्कल यांचे झाड या कामी कसे वापरावे ते दाखवले. पुढे २००५ साली इंटरनेटवरील नावांच्या निर्देशिकेसाठी जे सुरक्षिततेचे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतही 'हे नाव अस्तित्वात नाही' या उत्तराला शेजाऱ्यांच्या स्वाक्षरीचा पुरावा जोडण्याची तरतूद आली. आणि तिथे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. नाही म्हणताना दर वेळी दोन शेजारी दाखवायचे, तर कुणीही चतुर माणूस नसलेल्या नावांबद्दल विचारत विचारत असलेल्या सगळ्या नावांची यादी जमवू शकतो! एकाच्या अनुपस्थितीचा पुरावा देण्यासाठी दुसऱ्या दोघांचे घर उघडे करावे लागते. म्हणून २००८ साली नियम बदलून, नावांऐवजी नावांचे ठसे क्रमाने लावण्याची पद्धत सुचवण्यात आली. तिनेही पडदा पूर्ण पडत नाही, पण उघड वाचता येणारी यादी तरी हाती लागत नाही.

याच पेचावर २००५ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या चार लेखकांपैकी कृती रामम्रितम हे मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. मधले प्राध्यापक होते, याचा मला उगाचच अभिमान वाटला. ज्याला ज्या नोंदी पाहण्याचा अधिकार नाही त्या त्याला न दाखवताही त्याच्या उत्तरात काही गाळलेले नाही हे पटवून देता येते, असे त्या निबंधाचे प्रतिपादन आहे. टोकावरचा शेजारी आपले नाव न सांगता फक्त 'मी तुझ्या हद्दीच्या बाहेर आहे' एवढेच सिद्ध करतो. पतपेढीत बसलेल्या माणसाला याचे मोल लगेच कळेल. एका ठेवीदाराच्या शंकेचे निरसन करण्यासाठी दुसऱ्याची शिल्लक त्याच्यापुढे वाचून दाखवायची, हा अन्यायच. सत्य सांगण्याचे कर्तव्य आणि शेजाऱ्याची अब्रू राखण्याचे कर्तव्य यांत नेहमी एकाचा बळी द्यावा लागतो, असे आपण समजून चालतो. पुष्कळदा तो आपला आळस असतो. थोडा अधिक विचार केला तर दोन्ही राखता येतात.

आणखी एक उपाय काही संशोधकांनी २००७ साली व्हिएन्ना येथील परिषदेत मांडला, त्याने मला अस्वस्थ केले. मालकाने आपल्या खऱ्या नोंदींत काही बनावट नोंदी गुपचूप मिसळून ठेवायच्या. कोणत्या खऱ्या आणि कोणत्या बनावट, हे राखणदाराला ठाऊक नसते. प्रश्न विचारल्यावर अपेक्षित बनावट नोंदी परत आल्या नाहीत, की समजावे हा काहीतरी गाळतो आहे. हिशेब चोख आहे. मागितलेल्या नोंदींत पन्नास बनावट मिसळल्या आणि राखणदाराने दहापैकी एक नोंद गाळायची ठरवली, तर तो निसटण्याची शक्यता हजारात पाचसहाच उरते. पूर्वी काही घरांत नव्या नोकराची परीक्षा घेण्यासाठी उशीखाली मुद्दाम नोट ठेवीत, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

यात गैर ते काय, असे कुणी विचारील. यंत्राला कसली अब्रू? ते मला मान्य आहे. यंत्राच्या मागे माणसे आहेत हे खरे, परंतु कराराच्या वेळीच 'आम्ही अशी परीक्षा घेणार आहोत' असे सांगितले असेल तर त्यात कपट उरत नाही; उशीखालची नोट नोकराला सांगून ठेवलेली नसते, हा फरक आहे. माझी अस्वस्थता दुसरीच आहे. ही पद्धत घाऊक लबाडी पकडते. दहा हजारांतील एकच नोंद गाळली तर ती बहुधा पकडत नाही, कारण नेमकी ती एक नोंद बनावट असण्याचा संभव नगण्य. म्हणजे चोपडी एकंदरीत ठीक आहे असे मालकाला समाधान मिळते आणि २१३ क्रमांकाची बाई तशीच दाराबाहेर राहते. मालकाचा धोका आणि ठेवीदाराचा धोका एकच नसतो. शेकडा नव्याण्णव बरोबर असलेली यादी खजिनदाराला उत्तम वाटते. शंभराव्या माणसाच्या दृष्टीने ती संपूर्ण चुकलेली असते. साखळीची पद्धत एकालाही सोडत नाही, आणि म्हणूनच अधिक खर्चाची असली तरी ती मला अधिक न्याय्य वाटते.

तिसरी पारख ताजेपणाची. तिच्याविषयी मला फार सांगायचे नाही, कारण आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना ती अनुभवाने माहीत आहे. लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढून आणा, सहसा सहा महिन्यांच्या आतला, असे सांगितले जाते. बाप्तिस्मा तर आयुष्यात एकदाच होतो; मग आईने तीस वर्षे पेटीत जपलेला मूळ दाखला का चालू नये, असे अनेकांना वाटते. कारण असे की, १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार पुढे झालेला दृढीकरण संस्कार, विवाह, गुरुदीक्षा यांची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशीच करावी लागते. जुना दाखला खरा असतो, त्यावरची सहीही खरी असते, पण मधल्या काळात समासात काय लिहिले गेले ते त्याला माहीत नसते. खरी सही असलेले शिळे उत्तर, हाच तो संगणकशास्त्रातला तिसरा धोका.

आणि त्या नोंदवहीला जे कळणे शक्य नव्हते त्यासाठी आणखी एक व्यवस्था होती. लग्नापूर्वी वधूवरांची नावे चर्चमध्ये जाहीर वाचून दाखवावीत, कुणाला अडचण ठाऊक असेल तर ती त्याने सांगावी, हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने सर्वत्र लागू केला. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने हे वाचन लागोपाठ तीन सणावारी व्हावे असे ठरवले आणि विवाहाची नोंदवही ठेवणेही धर्मगुरूंना बंधनकारक केले. एका गावी पत्नीला टाकून दुसऱ्या गावी अविवाहित म्हणून उभे राहणारे पुरुष हे त्यामागचे एक मोठे कारण होते. 'या माणसाचा पूर्वी विवाह झालेला नाही' ही अभावाची साक्ष कोणत्या कागदाने द्यायची? ती सगळ्या गावाकडून घ्यावी लागली. चारशे-आठशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना जोड्यांच्या झाडाचे गणित ठाऊक नव्हते, पण नाही म्हणणेसुद्धा सिद्ध करावे लागते हे त्यांनी ओळखले होते.

गावाला साक्षी ठेवण्याची ही युक्ती अलीकडेही वापरली गेली आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९९१ साली कागदपत्रांवर न बदलता येणारा काळाचा शिक्का उमटवण्याची पद्धत सुचवली. त्यांच्या संस्थेने १९९५ पासून सगळ्या नोंदींचा मिळून निघणारा तो एक ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. हरवले-सापडलेच्या सदराशेजारी चार ओळींची अर्थहीन अक्षरे! पण तो अंक हजारो घरांत आणि ग्रंथालयांत गेला की मागची चोपडी बदलायची कुणाची हिंमत होणार? स्वतः संस्थाचालकाचीही नाही. मला त्यातली ही शेवटची गोष्ट विशेष वाटते. त्यांनी दुसऱ्याला बांधण्याआधी स्वतःचे हात बांधून घेतले.

येथे तो जुना आक्षेप पुढे येतो: एवढी पडताळणी करायची तर मग विश्वास कुठे राहिला? माणसामाणसांतील व्यवहार शेवटी भरवशावरच चालतात, आणि पुरावा मागणे म्हणजे समोरच्याचा अपमान करणे होय. माझ्या पिढीतील सज्जन माणसे असेच मानीत. हिशेब मागितला म्हणून राजीनामा देणारे कार्यवाह मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला कधीही शंका नव्हती.

तरीही मला आता तो बाणा पटत नाही. एक तर पडताळणीचा सर्वाधिक उपयोग प्रामाणिक माणसालाच होतो. रविवारची दानपेटी एकट्याने मोजू नये, दोघांनी मिळून मोजावी, हा अनेक ठिकाणी पाळला जाणारा दंडक मोजणाऱ्याला संशयापासून वाचवतो. दुसरे असे की, विश्वास ठेवण्याचा मोठेपणा ज्याच्यापाशी इतर आधार आहेत त्याला परवडतो. मी संगणक संस्थेवर विश्वास ठेवला, पण त्या विश्वासाची किंमत मी मोजली नाही. ती त्या बाईने मोजली. ज्याच्या नावावर आपण उदार होतो त्याला विचारल्याशिवाय दाखवलेला विश्वास हा सद्गुण आहे की निष्काळजीपणा, हे ठरवताना मी पूर्वीइतका निःशंक राहिलेलो नाही. आणि लक्षात घ्या, मी विश्वास ठेवला तो यादीवर. बाईवर ठेवला नाही. तिच्या हातात शिक्का मारलेले पासबुक होते. पुरावा तिने आणला होता. तो पाहूनही मी छापील कागदाची बाजू घेतली, कारण तो यंत्रातून आला होता. ही माझी चूक गणिताने सुधारणारी नव्हती.

गणिताची मर्यादाही येथेच सांगून टाकतो. वर वर्णन केलेली सगळी साधने एवढेच सिद्ध करतात की, उत्तर मालकाने शिक्कामोर्तब केलेल्या चोपडीशी इमान राखून आहे. ती चोपडी जगाशी इमान राखून आहे काय, याविषयी ती काहीच बोलत नाहीत. ज्याचे नाव मुळात लिहिलेच गेले नाही, त्याच्या दोन बाजूंचे शेजारी एकमेकांना खेटून उभे असल्याचा निर्दोष पुरावा कोणतेही यंत्र आनंदाने देईल. जन्माची नोंद न झालेले मूल, फेरफार न झाल्यामुळे सातबाऱ्यावर न चढलेली बहीण, ही माणसे अशा पुराव्याने उलट अधिकच पुसली जातात. पूर्वी 'पुन्हा शोधा' म्हणायला जागा होती. आता 'नाही हे सिद्ध झाले आहे' असे उत्तर मिळेल. पुरावा जितका भक्कम, तितकी मूळ नोंद करणाऱ्या हाताची जबाबदारी जड, असे मला वाटते. आणि त्या हाताचा पगार व प्रशिक्षण यांकडे मात्र कुणी फारसे पाहत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

शिवाय हे ठसे तपासणार कोण? त्या बाईने तर नाहीच, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. तज्ज्ञांनाच वाचता येणारा पुरावा सामान्य माणसाला पुन्हा तज्ज्ञावरच विसंबायला लावतो. याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणेन की, तपासता येण्याजोगे असणे आणि प्रत्येकाने तपासणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वर्तमानपत्रात छापलेली ती चार ओळींची अक्षरे हजारांतील एखादाच पडताळून पाहतो, पण तो एक कोण असेल हे चोपडी बदलू पाहणाऱ्याला आधी कळत नाही. आणि सामान्य माणसासाठी काही साधी साधनेही आहेतच. सलग क्रमांक हे त्यांतले सर्वांत जुने. पावतीपुस्तकाला क्रमांक असतात ते शोभेसाठी नव्हेत. ती साखळी आमच्या पतपेढीतही होती. फक्त तिची तुटलेली कडी पाहून थांबणारा माणूस नव्हता.

ऑक्टोबरच्या अखेरीस माळ्यावरील बांधीव खतावण्या खाली काढल्या तेव्हा २१३ चे पान सापडले. शिल्लक पासबुकातल्याप्रमाणेच होती, वर काही वर्षांचे व्याज येणे होते. रक्कम घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. मुलगी बाळंत होऊन महिना लोटला होता, ओटीवर पाळणा होता. मी झालेला प्रकार सांगितला, क्षमा मागितली. त्यांनी पैसे दोनदा मोजले, पदराला पुसून चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या कागदावर मी नव्हते, ते समजलं. पण बाळा, मी तर तुझ्यासमोर उभी होते ना?"

मी उत्तर दिले नाही. पाळण्यातले मूल जागे झाले म्हणून त्या उठल्या.

त्यानंतर आम्ही सगळ्या जुन्या खतावण्या यादीशी ताडून पाहिल्या. वगळलेली एकूण ४१ खाती निघाली. काही खातेदार वारले होते, त्यांच्या वारसांचा शोध घेतला. काही मुंबईला, काही आखातात गेले होते, त्यांना पत्रे टाकली. दीड वर्षात ३८ खात्यांचा छडा लागला. उरलेल्या तिघांचा पत्ता दिलेल्या ठिकाणी आता इमारती उभ्या आहेत आणि शेजारी कुणाला काही सांगता येत नाही. त्यांची नावे यादीत परत घातली आहेत. दर मार्चअखेर त्या तीन खात्यांवर व्याज जमा होते.